पट्टा काढून पाहिला

माय, काल सकाळी कॉलेजात शिकवायला निघण्याआधी माझा लॅपटॉप सुरूच होईना. ना दिवा, ना आवाज. तू गेलीस तेव्हा अड्याळात ही वस्तू कुणी पाहिलीही नव्हती. वहीएवढी पेटी असते, तिच्यात लिहायचं, साठवायचं. माझ्या पेटीत धानाच्या जुन्या वाणांची नावं होती, लाखांदूरच्या आसपास एसटीने हिंडून म्हाताऱ्या बायांच्या तोंडून ऐकलेली, त्यांच्याच आवाजात. त्यातल्या दोघी आता नाहीत, आणि दुसरीकडे कुठे मी ते आवाज ठेवले नव्हते. मी रागाने बटण दाबत राहिले, मग वरून चापट मारली. मारल्याबरोबर आपली पिठाची चक्की आठवली.

मी नववीत असेन. बाया डबे घेऊन बसलेल्या, आणि मोटार नुसती गुणगुणते आहे, फिरत नाही. मी तिला लाथ मारते. तू सगळ्यांदेखत माझा दंड धरून मला बाजूला करतेस. "काहून मारून राहिली तिले? मोटार बिघडली का दगड अडले, हे ठाऊक हाये का तुले? सगळ्यायले एकदम दोष नोको देऊ." मला रडू येत होतं, पण तू पुढे काय करतेस तेही पाहायचं होतं. तू स्विच पाडलास, मोटारीवरून चक्कीकडे जाणारा पट्टा उतरवलास आणि एकट्या मोटारीला चालू करून पाहिलंस. ती फिरली. मग चक्की खोललीस, तर दगडांत कुणाच्या तरी गव्हातून आलेला खिळा.

काल मी तसंच करत गेले. भिंतीतल्या बोर्डाला मोबाइल लावून पाहिला, वीज होती. चार्जरचा दिवाही लागत होता. कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, जोडलेलं सगळं काढ, चार्जरसुद्धा, आणि बटण अर्धा मिनिट दाबून धर, आत अडकलेली वीज निघून जाते. मला ते पटलं नव्हतं, तरी धरलं. चार्जर लावून पुन्हा दाबलं आणि आतला पंखा फिरला. आधी सगळे आवाज मैत्रिणीकडे पाठवले. तिथे थांबता आलं असतं, पण दोष कुणाचा हे कळल्याशिवाय उठवेना. एकेक वस्तू परत जोडत गेले. माउस लावला, काही झालं नाही. पेनड्राइव्ह लावताच पडदा काळा. त्याचं पत्र्याचं तोंड आत वाकलेलं होतं. कॉलेजला उशीर झाला होता आणि मी एकटीच हसत होते.

दुपारी मैत्रिणीने विचारलं, हे असं शोधायला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आईने, ती चक्की चालवायची. हे वाक्य मी त्या कॉलेजात पहिल्यांदा बोलले.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. अकरावीच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी 'गृहिणी' लिहिलं होतं. तू पिठाचे हात पुसून फॉर्म घेतलास, वरपासून खालपर्यंत वाचलास, त्या ओळीवर जरा थांबलीस आणि सही केलीस. प्रत्येक गोष्टीत 'काहून' विचारणारी तू, तेव्हा काहीच विचारलं नाहीस. सही झाल्याबरोबर, तू विचारू नयेस म्हणून, मी चप्पल शोधायचं निमित्त करून बाहेर गेले होते.