अण्णांची नऊ घरं

२६ फेब्रुवारी, ट्रॉय, अमेरिका
आमच्या फाउंडेशनच्या घरांची फेरी झाली. नऊच्या नऊ. गरजूंना परवडेल अशा भाड्यात राहता यावं म्हणून अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, रिटायर झाल्यावर बांधलेली. आता कारभार माझा नवरा मिलिंद बघतो, सोबत मीही, पुढे आमची मुलगी ईशा. बर्फ वितळतोय, सगळीकडे चिखल. चार नंबरच्या घरात, भाडेकरू डेनिसच्या बेसमेंटमध्ये गोडसर वास. पेंटसारखा, पण रंग कुठेच दिलेला नाही. तिची मुलगी, केली, खालीच झोपते. गरोदर आहे, चौथा महिना.

२८ फेब्रु.
ईशा ॲन आर्बरहून आली. तिचं रिसर्च दूषित जमिनींवरच, म्हणून जेवताना सहज वासाचं बोलले. तिने घास खाली ठेवला. "आई, व्हॉट वॉज देअर बिफोर द हाउसेस?"
मला माहीत नव्हतं. मिलिंद म्हणाला, मोकळी जागा होती. अण्णा म्हणाले, कढी संपली का? वाटी भरलेली होती त्यांची.

४ मार्च
ईशाने डेनिसकडे हवेचा नमुना घ्यायला स्टीलचा डबा ठेवला. "रुटीन चेक आहे," असं डेनिसला सांगितलं. मीच.

१७ मार्च, मंगळ.
रिपोर्ट आला. जुन्या कारखान्यांत धातू धुवायला वापरायचे ते सॉल्व्हंट. जमिनीतून वाफ वर येतेय. ईशा फोनवर: "आई, प्रेग्नंट बाईने तिथे एक दिवसही राहू नये, बाळाच्या हृदयाला धोका असतो. आय मीन इट."
मि.ने वकिलाला विचारलं. त्याचं म्हणणं, दुसरी टेस्ट होईपर्यंत भाडेकरूंशी बोलायचं नाही. "दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे," मि. म्हणाला. मी मान डोलावली. का डोलावली?

१८ मार्च
दुपारी अण्णांच्या खोलीत गेले. सरळ विचारलं.
"तिथे गाड्यांच्या बंपरचा कारखाना होता. मी होतो ना तिथे नोकरीला. बंपर धुऊन उरलेलं सॉल्व्हंट मागच्या खड्ड्यात ओतायचो. सगळेच ओतायचे." कारखाना पाडल्यावर ती जमीन कोणी घेईना. अण्णांनी घेतली. "वर भरपूर माती टाकली गं. मला वाटलं, पुरेल."
खरंच वाटलं होतं? हे विचारायचं धाडस झालं नाही. मि.ला अजून सांगितलेलं नाही.

२० मार्च
सकाळी केलीचा मेसेज. बाळाचं हृदय नीट दिसलं नाही, पुन्हा स्कॅनला बोलावलंय. हे नॉर्मल असतं ना? मलाच विचारते.
कोट घातला. मि. दारात. "आज गेलीस तर अण्णांनी उभं केलेलं सगळं संपेल." काहीतरी बाणेदार बोलले असं लिहायला आवडलं असतं. नुसती चावी उचलली.
डेनिसच्या किचनमध्ये बसून रिपोर्टचं सगळं सांगितलं. केलीने एकच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"
"मंगळवारपासून."
"तीन रात्री," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.
दोघींना मोटेलवर सोडलं. अण्णांचं नाव घेतलं नाही.

२१ मार्च
उरलेल्या आठ घरी ईशा आणि मी गेलो. पाच जणांनी दार उघडलं. एका घरात तान्हं बाळ. तिथे ईशाच बोलली, माझ्याने होईना. मि. कालपासून बोलत नाही.

२२ मार्च, रवि.
केलीचा स्कॅन उद्या.
सकाळी डेनिसचा फोन. रागावली असेल असं धरून चालले होते. तर म्हणाली, "त्या म्हाताऱ्यालाही कोणीतरी फसवूनच ती जमीन विकली असणार. आमच्यासाठी इतकं केलं त्याने. मनाला फार लागलं असेल. दुपारी येते, भेटते त्याला."
ये म्हटलं. नको म्हणायला एकच कारण होतं, त्या खड्ड्याचं.
अण्णांना सांगितलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. बटणं मीच लावली.
"तिला काय सांगायचं?"
मी कॉलर सारखी केली.
आता ते बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसलेत. डेनिसला यायला अजून अर्धा तास आहे.