छातीवरचे पंजे

बेंगळुरू,
९ जानेवारी २०२५

ती. महानंदाक्कास,

पुरुषोत्तमचा साष्टांग नमस्कार. दाजींचा गुडघा आता कसा आहे? इथं थंडी बरी आहे. पिणं सुटलं असं मागं लिहिलं होतं, ते या आठवड्यात पुन्हा सुरू झालंय. तेवढं रागावून घे.

तू निपाणीहून रोज फोन करतेस आणि मी उचलत नाही. तुझा आवाज ऐकला तर बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये सकाळी राखणदार मेलेला सापडला. कृष्णाजी नावाचा, आपल्याच बाजूचा म्हातारा. डोक्यात सळई घातलेली. त्याची बायको विठाबाई दारात बसून "साहेब, त्यांना उठवा की," एवढंच म्हणत होती. मी मल्लीला कामाचा पट्टा घातला आणि सळईला गुंडाळलेल्या फडक्याचा वास दिला. त्या वासाचा माणूस सापडला की माझी ही कुत्री भुंकते, हे आमच्या पोलीस श्वानपथकात सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार जमले होते. ती त्यांच्यात घुसली, पण भुंकली नाही. शेपटी हलवत एकाच्या छातीवर दोन्ही पंजे टेकून उभी राहिली.

तो आपला रणजीत होता, अक्का. तुझा रणजीत.

सगळे हसले. हवालदार नागराज म्हणाला, "मल्लीगे वयस्सायितु, सार. म्हातारी झाली. ओळखीचा माणूस दिसला, काम विसरली." आता तिला सेवेतून काढायचं चाललंय.

पण पट्टा घातला की मल्ली कुणाची ओळख ठेवत नाही, माझ्याकडेसुद्धा बघत नाही. आणि रणजीत सापडल्याची तिची खूणच वेगळी होती. रविवारी तिच्या सरावासाठी तोच लपायचा. तो सापडला की ती भुंकायच्या ऐवजी पंजे टेकायची. आम्हीच लाडानं लावलेली सवय. त्या सकाळी मात्र त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. पांढराफटक पडला होता.

संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. "मामा, तांब्याची तार काढताना म्हाताऱ्यानं धरलं. मला मारायचं नव्हतं ओ," म्हणत रडला. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, स्वतः सांग. तर म्हणतो, "तुम्ही गप्प बसला तर कुणाला कळतंय? आईचा तरी विचार करा."

तुझाच विचार करत बसलो इतके दिवस. आई गेल्यावर तू शाळा सोडलीस आणि मला शिकवलंस. तू एक शब्द टाकलास तर मी गप्प बसेन, म्हणूनच तुला विचारत नाही.

हे तुझ्या हाती पडेल तोवर मी साहेबांना सगळं सांगितलेलं असेल. चांगला वकील मी बघतो. पुढं कोर्टात माझी साक्ष होईल, आणि तू येशीलच. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, रणजीतकडे बघ. त्याला तूच लागशील.

तू लहानाचा मोठा केलेला,
पुरुषोत्तम