सगळं मामाजींच्या नंबरावर

२६ मे
बियाण्याच्या कंपनीचा निखिल आज परत आला. यंदा कपाशीचं एकेक पाकीट मोबाईलवर स्कॅन करूनच विकायचं म्हणे. पाकिटावरचा कोड, शेतकऱ्याचा नंबर, त्या नंबरावर आलेला ओटीपी. शेतकऱ्याला पॉइंट, मलाही पॉइंट. अ‍ॅप फुकट. मी म्हटलं, फुकट कशासाठी बुवा? तर हसला. "मॅडम, आम्हाला माहिती मिळते ना." शेवटी भलामोठा मजकूर होता, बारीक अक्षरात. दुकानात गिऱ्हाईक उभं. मान्य आहे, मान्य आहे, पुढे जा. दाबत गेले.

६ जून
अ‍ॅपने जीव नकोसा केला. एकाचा फोन घरी चार्जिंगला. एकाचा रिचार्ज संपलेला. एकाच्या नंबराचा मालक पुण्याला, म्हणजे मुलगा. उरलेले ओटीपी म्हटलं की खिशावर हात ठेवतात, जसं काही मी पाकीट मारणार आहे. रांग रस्त्यापर्यंत गेली.

मार्ग मामाजींनी काढला. माझे सासरे, गावाचे नाना. सोसायटीतून निवृत्त झाल्यापासून दुकानापुढच्या बाकावर बसून असतात. म्हणाले, "माहा नंबर टाक न बाई. मी इथंच त बसून राह्यतो."

तसंही आमच्या आळीत गॅसवाल्यापासून गुरांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना नानांचाच नंबर दिलेला असतो. फोन उचलणार, निरोप पोचवणार, हा एकच माणूस. टाकला. रांग भराभर सरकली.

११ जून
पेरणीची धांदल. जेवण उभ्याने. मामाजी चष्मा कपाळावर चढवून ओटीपी मोठ्याने वाचतात, आकडा चुकला की स्वतःवरच चिडतात. फार खुशीत आहेत. त्यांची जमीन चार एकर. अ‍ॅपच्या हिशेबाने अर्धं डोणगाव त्यांनीच पेरलं. 'हे' शाळेतून आल्यावर म्हणाले, "सगळं बाबांच्याच नंबरवर? हे बरं नाही." मी म्हटलं, मग उद्या शाळेला सुट्टी टाका आणि या दुकानात बसायला.

१९ जुलै
रोज तणनाशकाच्या बाटल्या. विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच: "बांधावर मारायले." डोणगावात इतके बांध कधी झाले देव जाणे.

मला कळतं. पदविका काही फुकट नाही केली. हे औषध साध्या कपाशीवर पडलं तर तणासोबत कपाशीही जळून जाईल. ज्यांनी चोरून आलेलं बियाणं लावलंय, चोर बीटी, त्यांच्याच वावरात ते चालतं. ते बियाणं मी विकत नाही. ठेवलंही नाही कधी. लावणं गुन्हा आहे, आणि तण निंदायला बाया मिळत नाहीत हेही खरं. पण तणनाशक माझ्याच दुकानातून जातं आणि आता तेही स्कॅन करावं लागतं.

आळीतले रशीदभाई, शेती आणि पिकअप दोन्ही करणारे, दोन बाटल्या घेऊन गेले. म्हणाले, "वैनी, म्या काही नेलं नाही, तुम्ही काही पायलं नाही." नंबर अर्थात मामाजींचा.

९ ऑगस्ट
मामाजींना कुठल्याशा बाईचा फोन. "प्रगतिशील शेतकरी" म्हणाली त्यांना. दिवसभर तोच विषय. मी विचारलं, काय काय बोलली? "लय अदबीनं बोलली. शेगावून कवा आले, तब्येत कशी हाये, कपाशीत गवत लय झालं का, सारं इचारलं."

शेगावला ते परवा दर्शनाला गेले होते. हे तिला कोणी सांगितलं? मामाजींना त्यात काही वावगं वाटत नाही. पॉइंट दिसावेत म्हणून निखिलने त्यांच्या फोनवरही अ‍ॅप टाकून दिलंय, त्यातून कळत असेल.

मला आवडलं नाही. काढून टाकते म्हटलं तर मामाजींनी फोन बंडीच्या खिशात घातला.

२ सप्टें.
मामाजींना ताप. रात्रीतून वाढला. बुलढाण्याला न्यायला गाडी मिळेना. रशीदभाईंनी पिकअप काढली, मागे गादी टाकली, दवाखान्यात नेऊन भरती केलं आणि रक्त लागलं तर म्हणून दिवसभर तिथेच थांबले. डेंगू नाही निघाला. भाडं विचारलं तर रागावले.

१४ सप्टें.
मामाजी घरी. अशक्त आहेत, पण बाकावर.

एक माणूस आला. शर्ट इन, पायात शहरी बूट. नानांचं वावर पाहायचंय. कोणाकडून आलात? "सर्व्हे आहे." मामाजी उत्साहाने घेऊन गेले. चार एकर दाखवले. तो तिथेच उभा राहिला. म्हणाला, "आणि बाकीचं?" मामाजी म्हणाले, बाकीचं कायचं बाकीचं? त्याने मोबाईलमध्ये पाहिलं, कपाशीचे फोटो काढले, खाली वाकून तणाचे फोटो काढले, चहा न घेता गेला.

डोणगावात चहा न घेता जाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

निखिलला फोन केला. उचलला नाही.

२८ ऑक्टो.
आज हसावं की रडावं. वेचणी सुरू होतेय तोच सकाळी गल्लीत रिकाम्या पिकअप. एक, मग दुसरी, मग रांगच. मेहकर, लोणार, कुठून कुठून. जिनाने, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याने पाठवल्या, अ‍ॅपवरून. या पत्त्यावर कापूस तयार आहे, भरून आणा. पत्ता आमच्या घराचा. ड्रायव्हर मामाजींना विचारताहेत, "नाना, माल कुठं हाये?" मामाजींनी ओसरीतली दोन गाठोडी दाखवली.

त्या ड्रायव्हरांची फेरी वाया गेली. एकजण तोंडाला येईल ते बोलून गेला, माझ्या सासऱ्यांना, त्यांच्याच दारात. त्या रांगेत रशीदभाईंचीही गाडी होती. तेही याच अ‍ॅपवर जिनाची वाहतूक करतात. त्यांनीच सगळ्यांना समजावून परत पाठवलं. जाताना मला म्हणाले, "वैनी, त्याईले आपल्या आधी कसं समजते, कापूस कवा निंगन ते?"

बियाणं कधी घेतलं, औषध कधी मारलं, सगळं मीच तर सांगत गेले.

३ नोव्हें.
जिनाच्या फाटकावर दोन प्रकार चाललेत. ज्यांनी माझ्याकडून बियाणं नेलं त्यांचं नाव मशीनवर येत नाही, "नोंद नाही" म्हणून गाडी बाजूला, उन्हात. आणि मामाजींचं नाव येतं, त्याखाली लाल अक्षरात "तपासणीसाठी थांबवा". त्यांचा कापूस उतरवूनच घेतला नाही. गाडीच्या ताडपत्रीवर बसून राहिले दिवसभर. परत आल्यावर म्हणाले, "मले चोरासारखं उभं केलं बाई." आणि जेवले नाहीत.

दुकानात लोक येऊन बोलून गेले. आमचे पॉइंट तुमच्या सासऱ्यानं खाल्ले, इथवर.

५ नोव्हें.
निखिल आला. मीच धमकावून बोलावला. खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, दुकानातली नोंद कंपनीकडे जाते, कंपनीकडून जिनाकडे, गाड्यांच्या अ‍ॅपकडे, विमावाल्यांकडे, अजून कुठे कुठे. "पार्टनर आहेत मॅडम सगळे. तुम्ही मान्य केलंय." आणि इतकं बियाणं, इतकं तणनाशक, त्या महिन्यात, एकाच माणसाकडे. याचा अर्थ त्यांच्या मशीनने असा लावला की नाना चोर बीटीचा साठा करून गावोगाव वाटतात. तपासणीवाल्यांकडे नाव गेलं आहे. केस होऊ शकते.

मी म्हटलं, अरे तू पाहिलं होतंस ना बाकावर बसून ओटीपी सांगताना! तू तर हसला होतास! म्हणाला, माझं बोलणं कोण ऐकतं मॅडम, मला पण फोनवरच आदेश येतात.

एक उपाय सांगितला. दुरुस्तीचं पान आहे. पाकीट कोणाचं, बाटली कोणाची, खरा नंबर टाकायचा, त्याच्या ओटीपीने पक्कं करायचं. की नाना सुटले.

मला आधी हायसं वाटलं. मग पोळी लाटताना लक्षात आलं, की मामाजींना सोडवायचं तर मला कोणी कोणी 'बांधावर मारायला' नेलं ते सगळं त्यांच्या हातात द्यायचं आहे.

८ नोव्हें.
यांच्याशी कडाक्याचं भांडण. हे म्हणतात, नावं टाक. "आपल्या बापाला केसमध्ये घालून गावाला वाचवायचं का?" चुकीचं काही म्हणत नाहीत. मी म्हटलं, रशीदभाईंचं नाव गेलं तर गाडीचं काम त्याच अ‍ॅपवर आहे, तेही बंद होईल, केस वेगळी. हे म्हणाले, त्यांना लावायला मी सांगितलं होतं का चोर बीटी? मुलगी घाबरून आमच्याकडे बघत होती.

मला रशीदभाईंच्या पिकअपमधली ती गादी दिसते.

११ नोव्हें.
काही केलं नाही. दुकान अर्धा दिवस बंद. पान उघडते, मिटते. भीती वाटते, खोटं कशाला लिहू.

१४ नोव्हें.
मामाजींनी घोळ करून ठेवला. की घोळ नाही?

दुपारी त्यांना फोन आला, माणूस नाही, टेप. इतकं इतकं बियाणं, इतकं औषध आपल्या नोंदीवर आहे, हे सगळं आपलंच असल्यास एक दाबा. त्यांनी एक दाबला. वर ओटीपी आला तोही सांगून टाकला. मला संध्याकाळी सांगितलं, दाढी करता करता.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडले. ते शांत. "नंबर म्या देल्ला बाई. कोनी हिसकून नाही नेला. आता म्या पलटी मारली त ते रशीदच्या दारात जातीन, बाटली नेली त्या गंगीच्या दारात जातीन. मले म्हाताऱ्याले काय करतीन ते?"

काय करतील हे त्यांना माहीत नाही. मलाही नाही. उद्या दुपारी चारला माणसं येणार, जबाबाला मेहकरला नेणार. निखिलचा मेसेज: दुरुस्तीचं पान तोवरच उघडं राहील, नंतर नोंद कायम होते.

१५ नोव्हें.
सकाळपासून मामाजी तयार. पांढरी टोपी. औषधाच्या गोळ्या पिशवीत घातल्या. कोणालाच काही सांगू नको म्हणाले. बाकावर बसलेत, पायाने माती सारखी करत. आजारपणानंतर मान किती बारीक झालीय त्यांची. हे रजा टाकून घरी आहेत, बोलत नाहीत माझ्याशी.

पावणेचारला मला राहवलं नाही. पान उघडलं. सगळ्यांची नाही, एकाच नावाने सुरुवात करून पाहू म्हटलं. बोट रशीदभाईंवर गेलं. तेच का गेलं? ते समजून घेतील, असं वाटलं असेल. लाज वाटते लिहायला. नंबर टाकला. पुढे जा.

मिनिटही नाही झालं, रशीदभाईंचा फोन. वावरात होते, मागे वेचणाऱ्या बायांचा आवाज. "वैनी, तुमच्या दुकानाच्या नावानं आकडे आले मले. तुम्हालेच पायजे असतीन. घ्या लिवून." आणि त्यांनी सांगून टाकले. मी विचारलेही नव्हते. कशाला पाहिजेत हेही त्यांनी विचारलं नाही. वर म्हणाले, "नानाची तब्येत कशी हाये?"

मी म्हटलं, बरी आहे.

आकडे हातावर लिहिलेत. पान उघडं आहे, खाली "पक्के करा" असं हिरव्या रंगात. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, मामाजी बाकावरून उठलेत, मला हाक मारताहेत.