छप्पर शेवटी

४ नोव्हेंबर, मंगळवार

वीस मिनिटांत एकतीस विचार. घड्याळ समोर ठेवलं होतं, प्रत्येक विचाराला वहीत एक काडी. एकतीसपैकी अठ्ठावीसांत ‘मी’ होता. विहारातले साळवे सर म्हणाले होते, विचार नुसता येताना बघा, आणि त्याचा मालक आत कुठं सापडतो का तेही बघा. बरेच जण दोन दिवसांत सोडून देतात म्हणे. मी त्यातला नव्हे. भांड्यांवर नावं घालायला लागून चौतीस वर्षं झाली. छिन्नी-हातोडी कुणी शिकवली नाही, स्वतः शिकलो. हेही शिकेन. पंधरा दिवसांत मालक शोधून काढतो!

बायकोला सांगितलं. करुणा म्हणाली, “आत कुणी नसेल तर हा चहा कुणाला देऊ?”

५ नोव्हेंबर

सत्तावीस. नोंदवण्यासारखं एक — विचाराला कुणी बोलावत नाही. तो येऊन बसला की ‘मी’ म्हणतो, हा माझा. दुकानातही तेच. संस्कृती नावाच्या नवरीची एकवीस ताटं होती. ‘कृ’ वळवायचा असं मनात यायच्या आत हात वळलेला असतो. थोडा घाबरलो. पाणी प्यालो.

६ नोव्हेंबर

लासूर स्टेशनहून आशावहिनींचा फोन. माझ्या थोरल्या भावाचं, कचरूदादाचं उजवं अंग गेलं, आठ दिवस झाले. जीभ जड झालीय. “भावजी, एक डाव येऊन जा. तुमचंच नाव घेऊ राह्यले.” लग्नसराई आहे, बघतो म्हणालो.

अकरा वर्षं त्या घरी गेलो नाही. माय गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला, भर पंगतीत दादा म्हणाला होता, “ह्याला हातोडी धरायला मीच शिकवलं.” मी त्याला खोटारडा म्हणालो. सगळ्यांदेखत. आणि ताटावरून उठलो.

फोन ठेवल्यावर राग आला. नियमाप्रमाणे बघत बसलो. राग येतो, थांबतो, जातो. मालक दिसला नाही. मग वाटलं — मालकच नसेल तर खोटारडा म्हणणारा तरी कोण? माफी कुणी मागायची? फार हलकं वाटलं. करुणाला हे नीट समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“मग जायची लाज कुणाला वाटू राहिली?”



७ नोव्हेंबर

मोजलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाकीचे कारागीर आधी वरची रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगतात. मी आधी अक्षरं उभी करतो, रेघ शेवटी. त्यामुळं माझं काम गुलमंडीच्या बाजारात लांबून ओळखतात. ही माझी पद्धत — असं मी प्रत्येकाला सांगतो.

आज एका हंड्यावर ‘वच्छलाबाई’ घालत होतो. आत काय काय येतं ते बघायचं ठरवलं. ‘ई’ झाली. रेघेसाठी छिन्नी टेकवली आणि आवाज आला — “आता टाक छप्पर.”

माझा आवाज नव्हता. तंबाखूचा वास होता त्याला. पाठीमागून दोन हात, माझ्या मुठीवर मूठ. आठवडी बाजार, खाली गोणपाट, मी तेरा वर्षांचा. “आधी भिंती उभ्या राहू दे. मग छप्पर.”

छिन्नी सटकली. रेघ वाकडी. चौतीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला नवा हंडा आणून दिला.

९ नोव्हेंबर, रविवार

विसरलो नव्हतो. हे लिहायलाच पाहिजे. ‘स्वतः शिकलो’ इतक्या वेळा म्हटलं की ते पुढं येऊन बसलं, आणि गोणपाट मागं गेलं. आज एकेक बाजूला काढून बघितलं. भांडं डाव्या गुडघ्याखाली दाबायची रीत दादाची. अक्षरावर फुंकर मारायची सवय दादाची. चुकलं की स्वतःला शिवी देतो, ती शिवीसुद्धा त्याची! हे सगळं काढल्यावर माझं म्हणून काय उरलं? बघत राहिलो. पाच मिनिटांच्या वर बसवेना.

लासूरला जायचं म्हणून शर्ट घातला. चप्पल घातली. परत काढली.

१२ नोव्हेंबर

पुन्हा वहिनींचा फोन. दादाला आता पाणीही नीट गिळता येत नाही. करुणानं पिशवी भरून दारात ठेवली. मी तीत छिन्नी-हातोडी टाकली. का, ते माहीत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो. वहिनी होत्या, गल्लीतले दोघं बसलेले. त्यांच्यासमोरच म्हणालो, “दादा, मला तू शिकवलंस. खोटं मी बोललो.”

दादानं डाव्या हातानं पिशवीतली हातोडी चाचपली. मान हलवली — नाही, नाही. तोंडातून तुटके आवाज. वहिनींनी कान लावून ऐकलं आणि मला सांगितलं, “म्हणतेत, मी कुठं शिकवलं? छप्पर शेवटी टाक, हे मला मायनं सांगितलं होतं.”

माय. जन्मभर लोकांच्या घरांच्या विटा वाहिल्या तिनं. एक अक्षर वाचता येत नव्हतं.