सगळ्यांचा हात लागलेला प्रोसेसर

प्रिय आनंदा,

'हात लावू नको' हे ऐकत मोठी झालेली माणसं माझ्या सभेला येतात. तीच त्यांची तक्रार आणि तीच माझी. त्यांना 'बंधूंनो' म्हणून हाक मारताना माईकवर माझा आवाज आपोआप चढतो. आज सख्ख्या भावाला हाक मारायची आहे आणि आवाज फुटत नाही, म्हणून लिहायला बसले. दुपार आहे. मोरिवलीच्या कारखान्यांवरचा धूर इतका सावकाश तरंगतोय, की त्यालाही आज सुट्टी असावी. आई दारात बसलीय, तळहात उन्हाला देऊन.

आपल्या विहारात कॉम्प्युटर आलाय, हे तुझ्या कानावर आलं का? एका बंद पडलेल्या ऑफिसातून मिळाला. जुना फोर एटी सिक्स. रविवारी दुपारी बायका त्यावर मराठी टायपिंग शिकतात. मशीन असं संथ, की 'क' दाबला तर तो कुठून तरी लांबून चालत आल्यासारखा पडद्यावर येतो. चांगुणामावशी दर वेळी म्हणते, "आला गं बाई, कर्जतहून आला!" मला ते थांबणं आवडायचं. काळ्या काचेवर आपलं अक्षर उगवायची वाट बघत बायका पुढे वाकायच्या, त्यांच्या चेहऱ्यांवर फिकट उजेड हलायचा, आणि मला वाटायचं, या जणी तळ्यात वाकून बघतायत. ज्या पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांनी मार खाल्ला, तेच पाणी फिरून फिरून इथे येऊन थांबलंय.

पण स्वप्नात रमून टायपिंग येत नाही. वर्गणी काढली, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गोपालदासच्या दुकानातून नवा, जलद प्रोसेसर, म्हणजे मशीनचं डोकंच, आणला. त्याने कागदावर सगळं लिहून दिलं, आणि डबीत ठेवताना म्हणाला, "दीदी, पिनला हात नाय लावायचा हां. मर जाएगा. हे काय प्रसाद नाय हाय वाटायला." भला माणूस. त्याच्या धंद्यातलं खरं तेच बोलला. पण मला तू ओळखतोस. 'हात नाय लावायचा' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं, आणि अंबरनाथला पोचेपर्यंत माझं भाषण तयार होतं.

रविवारी विहारात तसबिरीखाली उभी राहिले आणि म्हणाले, मडकं, विहीर, पोथी, देऊळ, सगळीकडे आपल्याला लांब उभं केलं. ही नव्या काळाची वस्तू आहे. इथल्या प्रत्येकाचा हात लागल्याशिवाय ती मशीनमध्ये जाणार नाही. आणि मग तो प्रोसेसर या तळहातावरून त्या तळहातावर निघाला. बायकांनी आधी पदराला हात पुसले. सगळे एकदम हळू बोलायला लागले, जणू कुणाचं तान्हं पोर फिरतंय. उलटा केला की सोनेरी पिना दिसायच्या, नुकतीच लावणी झालेल्या भातासारख्या, ओळीत. चांगुणामावशी म्हणाली, "एवढ्याशा चौकोनात एवढी अक्कल मावते, आणि आमच्या ह्यांचं डोकं बघा केवढं!" विहार हसला. तसं हसू मी माझ्या कुठल्याच सभेत ऐकलेलं नाही.

किसनने, आपला कारखान्यातला वायरमन किसन, जुना काढला, नवा बसवला, खटका दाबला, गोपालदासच्या कागदाप्रमाणे व्होल्टेज ठरवणारी छोटी टोपी, जंपर म्हणतात तिला, बदलली. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. एरवी सुरू होताना एक शिट्टी देतो, तीही नाही. किसन म्हणाला, "ताई, भाषण जास्त झालं. झोपला." मग आम्ही काय नाही केलं! मॉनिटरची वायर बदलून पाहिली. मेमरीच्या पट्ट्या काढून, खोडरबराने घासून परत बसवल्या. पडद्याचं कार्ड हलवून घट्ट केलं. जंपर पुन्हा कागदाशी ताडून पाहिला, बरोबर होता. शेवटी प्रोसेसर काढून उजेडात धरला, तर कडेची एक पिन सपाट आडवी. ती भोकात गेलीच नव्हती, म्हणून तो बसला व्यवस्थित, पण जागा झाला नाही. जुना परत लावला, जंपर पहिल्यासारखा केला, तर लगेच शिट्टी. बोर्ड शाबूत होता. 'क' पुन्हा कर्जतहून यायला लागला.

मला पस्तावा नाही. शंभर वेळा आणला तर शंभर वेळा हातोहात फिरवीन. गोपालदास म्हणतो, घेऊन या, पाच मिनिटांत पिन सरळ करतो. मी नेला नाही. आईच्या जुन्या काडेपेटीत कापूस घालून ठेवलाय.

दिवाळीत मी तुझ्या बदलापूरच्या फ्लॅटवर आले होते, तेव्हा तुझ्याकडे शेजारीण बसली होती. तू म्हणालास, "या आमच्या ओळखीच्या बाई. अंबरनाथला असतात." मी करंज्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि पाणी न पिता निघाले. रागावून नव्हे. ओळखीच्या बाईने किती वेळ बसायचं असतं, ते कळेना. सोसायटीत घर टिकवायला काय काय लपवावं लागतं, हे मी जाणते. त्यावरही माझी भाषणं आहेत. तुला कुणी 'हात लावू नको' म्हटलं नव्हतं, आनंदा. तू आपणहून हात मागे घेतलास. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तू कामात आहेस, एवढंच सांगते.

ती पिन कुणाच्या हातात वाकली, हेही मी कुणाला सांगितलेलं नाही. रांगेत शेवटी आई होती. तिला आता नीट दिसत नाही. तिने तो तळहातावर घेतला, बोटाने चाचपला आणि विचारलं, "आनंदा हेच कॉम्प्युटरचं काम करतो ना गं? मग याला त्याचा हात लागला का?" व्यासपीठावर कधी न अडणारी मी, तो परत घ्यायला नुसता हात पुढे केला. आणि आईची मूठ मिटली. जन्मभर काडेपेटीच्या कारखान्यात एकही काडी खाली पडू नये म्हणून मिटायची, तशीच, घट्ट. मला एकेक बोट सोडवावं लागलं. तेव्हापासून काही विचारत नाही, नुसती तळहात उघडे ठेवून बसते. म्हणून लिहिलं. येत्या रविवारी दुपारी विहारात ये, आईच्या शेजारी बस, आणि सगळ्यांच्या देखत ती पिन तुझ्या हाताने सरळ कर.

तुझीच,
सुनंदाताई