ग्रँड हॉटेल रेवदंड्याचा पहिला पाहुणा

१ नोव्हेंबर १९३४, गुरुवार
आजपासून ग्रँड हॉटेल, रेवदंडा सुरू. मालक व मॅनेजर मीच. मुंबईच्या बड्या हॉटेलात अकरा वर्षं काढली (चादरी-अभ्रे मोजायच्या खात्यात, पण हॉटेल ते हॉटेल). राजीनामा देऊन आलो. इथे पोर्तुगीजांचा किल्ला, शेजारी जुनं चौल, एवढं ऐतिहासिक शहर, आणि साहेबाला उतरायला धड जागा नाही! आता आहे. तीन खोल्या, काटे-चमचे, पितळी घंटा. शिवाय चामडी बांधणीचं व्हिजिटर्स बुक. पाहुणे पुढून अभिप्राय लिहितील. तोवर मागच्या पानांवर माझी खासगी टिपणं.

५ नोव्हेंबर, सोमवार
पाहुणा नाही. दिवाळीमुळे असेल.
आजपासून घरात मासळी बंद. मेनू इंग्रजीत. घंटेशिवाय कुणी जेवायचं नाही. बायको, मनुबाई, म्हणाली, मंग आमी काय उपाशी मरायचं काय? तिला हॉटेल लाइन कळत नाही.
जैनुद्दीनला बटलर नेमलं. आगबोटीवर वीस वर्षं खलाशांचं जेवण शिजवलेला माणूस. पांढरे हातमोजे दिले. ते घालून पीठ मळता येत न्हाय म्हणतो. सवय होईल.

९ नोव्हेंबर, शुक्रवार
पत्र आलं! इंग्रजीत, टाइप केलेलं! सरकारी खात्याचे साहेब चौलचे जुने अवशेष मोजायला बारा माणसं घेऊन चार महिने येणार. त्याआधी १९ तारखेला, सोमवारी, दुपारच्या आगबोटीने एकटे येऊन उतरायची जागा पसंत करणार. सही वाचता येत नाही, पण वळण अस्सल गोऱ्याचं. बारा माणसं, चार महिने! हे जमलं तर हॉटेल उभं राहिलं. नाही जमलं तर... मुंबईत माझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय म्हणे. जमेलच.

१४ नोव्हेंबर, बुधवार
जैनुद्दीन सोडून गेला! मी त्याला नॅपकिनची कमळं करायला शिकवली आणि त्याने स्वतःच्या ओट्यावर बाकडं टाकून खानावळ काढली. हातमोजे धुऊन, घडी करून परत केले. त्याचंच जास्त लागलं.
सूप आता ही करते. चवीला साराचा भास होतो. विचारलं, तर सारच होतं.

१८ नोव्हेंबर, रविवार
आगबोट खोल पाण्यात थांबते, तिथून उतारूंना किनाऱ्याला आणणारा पडाव अंबाजीचा. त्याला ताकीद दिली की साहेबांना खांद्यावर घेऊन चिखलातून आणायचं नाही, पडाव थेट धक्क्याला लावायचा, चार वाजता शार्प. अंबाजी नुसता हसला. ही म्हणाली, उद्या तेरस हाय, चारला धक्क्याला पानी न्हाय, पडाव कोलीवाड्याकडं लागंल, तुमी तिकडं जावा. मी बजावलं की फर्स्ट क्लास हॉटेल घड्याळावर चालतं, पंचांगावर नाही.

१९ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ५
चारला धक्क्यावर हजर होतो. कोट, टाय, हार. समोर चिखल आणि तीन बगळे. अंबाजीने दगा दिला.

७ वाजता
घरी आलो तर मागच्या पडवीत एक इसम पाय धूत बसलेला. सावळा, धोतर खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल. हिने त्याला पाणीसुद्धा दिलेलं! खोली आहे का, विचारत होता. तेही इंग्रजीत. हल्ली कुणीही बोलतं. मी नम्रपणे सांगितलं की खोल्या रिकाम्या दिसल्या तरी त्या साहेबांसाठी भरलेल्या आहेत, आपल्यासारख्यांची सोय जैनुद्दीनच्या ओट्यावर. त्याने कागद काढायला खिशात हात घातला. मी घंटा वाजवली. गेला बिचारा. ही मागून काहीतरी सांगत होती. आज कुणाचं ऐकायची इच्छा नाही. हार पाण्यात ठेवला.

२० नोव्हेंबर, मंगळवार
साहेब आलेच नाहीत. गोऱ्याने शब्द मोडला! आता विश्वास ठेवायचा कुणावर?

२३ नोव्हेंबर, शुक्रवार
पत्र. तीच सही. मॅनेजरनी जातीने सुचवलेली जागा फार आवडली, सुरमई आणि तांदळाची भाकरी उत्तम, सबब मंडळी जैनुद्दीनकडेच उतरतील, आभार. खाली या वेळी नाव टाइप केलेलं: बाळाजी रावजी.
तीनदा वाचलं.
अंबाजीला माहीत होतं. त्यानेच साहेबांना कोळीवाड्याकडे चिखलात उतरवलं. जैनुद्दीनला माहीत होतं. हिलाही! गावाचं सोडा, पण घरातून दगा? विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, धा येला सांगितला, तुमी घंटा वाजवीत व्हतां.

१२ डिसेंबर, बुधवार
मंडळी येऊन आठवडा झाला. बारा माणसांच्या भाकऱ्या जैनुद्दीनला एकट्याला होत नाहीत, म्हणून ही तिकडे जाते. घरी चूल पेटत नाही, म्हणून मीही तिकडेच जेवतो. केवळ नाइलाज. सुरमई बरी असते. नॅपकिनची कमळं त्याला अजून नीट जमत नाहीत, ती मी करून देतो.
काल जैनुद्दीन म्हणाला, हरेश्वरभाऊ, पावन्यांना चार शब्द लिवायचे हायत, तुमचा बुक पडून हाय, देतां काय? साफ नाही म्हटलं.
आज ही दारात येऊन उभी आहे. बुकासाठी हात पुढे केलाय.
माझी मागची पानं फाडून घेतो. पुढची सगळी कोरीच आहेत.