लांबून आलेल्याचा भाकरतुकडा

चिखली,
रविवार, २४ फेब्रुवारी १९५७

प्रिय सयाजी,

तुझं पत्र संक्रांतीच्या आधी आलं आणि मी उत्तर आज लिहितो आहे. माफ कर. शाळेत परीक्षा होत्या, असं लिहिता येईल आणि ते खोटंही ठरणार नाही. पण खरं कारण ते नाही. पत्राच्या शेवटी तू लिहिलं होतंस, ‘फेब्रुवारी संपेपर्यंत तुझा होकार आला नाही, तर आईंचा दारातला प्रसंग कापतो आणि मगच चित्रपट महोत्सवाला धाडतो. त्या तुझ्या आई आहेत. तू म्हणशील तसं.’ ते वाचताक्षणी माझ्या लक्षात आलं, की मला काहीच करायला नको. नाही म्हणण्याचा वाईटपणा नको, कारणं द्यायला नकोत. नुसतं गप्प बसलं की झालं. फेब्रुवारी काय, आपोआप संपतो.

बावन्न साली तू मला मुंबईला आंतरराष्ट्रीय महोत्सवाला बोलावलंस, ते आठवतं? मी रजा काढून आलो होतो. कुठल्या कुठल्या देशांचे चित्रपट आपण लागोपाठ पाहिले. एकात बॉम्बनं भिंत पडलेल्या घरात एक म्हातारी बटाटे सोलत बसलेली असते, आणि तिचे दोन मुलगे एकमेकांशी बोलत नसतात. ती दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढते आणि प्रत्येकाला सांगते, तुझा भाऊ अजून जेवला नाही. भाषा आपल्याला कळत नव्हती, पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत होतो, तरी तू रुमाल काढलास आणि मी काढला नाही. परतताना मीच तुला म्हणालो होतो, ‘सयाजी, अशी बाई आमच्या घरी आहे. फक्त तिला कुणी बघितलेलं नाही.’ तू म्हणालास, ‘मग लिही की, दौलत.’ पाच वर्षं मी लिहितो आहे. तीन वेळा सुरुवात झाली आणि तिन्ही वेळा वाक्यं चांगली आहेत एवढंच वाटलं. तू मात्र गेल्या कार्तिकात कॅमेरा घेऊन आमच्या अंगणात उभा राहिलास.

तेव्हा मला आनंदच झाला होता, हे आधी लिहून ठेवतो. तुझ्या कथेतला थोरला भाऊ जरा कडवट आहे, शेत आणि घर धरून बसलेला, फौजेतून परतणाऱ्या धाकट्यावर जळणारा, हे वाचून मी हसलोही होतो. पुण्याहून आणलेली नटी भाकरी थापताना तुझ्या मनासारखी दिसेना, म्हणून तू आईलाच विचारलंस. मला वाटलं होतं ती झाडू उगारेल. ती म्हणाली, ‘व्हय, बसते की. पर लुगडं माझंच नेसनार, ते तुमचं झिरझिरीत नको.’ शेजारच्या गोजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, ‘पुतळे, नटी झालीस गं! आता पिंपरीच्या कारखान्याच्या गेटावर तुजा फोटू लागतोय बघ.’ आणि आई, जी माझ्या थट्टेवर कधी हसत नाही, ती पदर तोंडाशी धरून हसली.

त्या आठवड्यात तुझ्यासाठी दोनदा मासवडी झाली. एरवी आमच्याकडे ती सणावारालाच होते. तू ओसरीवर बसून तिला विचारायचास, ‘आई, तुमचा मुरारी कसा होता हो?’ आणि ती सांगायची. मी शाळेतून आलो की बोलणं थांबायचं. म्हणजे तू थांबत नव्हतास, तीच उठून चुलीकडे जायची. मुरारीला पोहायला येत नव्हतं आणि तो ते गावभर लपवून होता, हे मला, त्याच्या सख्ख्या भावाला, तुझ्याकडून कळलं. तुझा मफलर इथं राहिला आहे. तिनं तो धुऊन, घडी करून तिच्या पेटीत ठेवला आहे. माझ्या वस्तू खुंटीवर असतात.

आता त्या प्रसंगाविषयी. ठरलं होतं ते इतकंच, की धाकट्याचं काम करणारा, फौजी कपड्यातला तो पुण्याचा मुलगा फाटकातून येईल, आई दारात उभी राहील आणि त्याला आत घेईल. तो आला. उंबऱ्यावर पाय ठेवणार तोच आई म्हणाली, ‘थांब तितंच.’ हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ती आत गेली आणि भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. तुकडा त्याच्या डोक्यावरून ओवाळला, दोन्ही बाजूंना टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं, ओला हात त्याच्या डोळ्यांना लावला. मग त्याचा दंड चाचपून म्हणाली, ‘किती वाळलास रं.’ तो पोरगा नट होता, त्याला पुढं काहीतरी बोलायला पाहिजे होतं; तो तिच्या पायाशी बसला आणि रडायला लागला. तू कॅमेरावाल्याचा खांदा दाबून धरला होतास. मी चिंचेखाली सायकल धरून उभा होतो.

तुला वाटलं असेल, दुःखानं मी मागल्या मागे निघून गेलो. सयाजी, ते दुःख नव्हतं. तुला सगळं माहीत नाही, म्हणून लिहितो. चव्वेचाळीस साली मुरारी लढाईत गेल्याची तार आली. त्याला तिकडेच पुरलं, आमच्या हाती काही आलं नाही. त्या दिवसापासून आईनं कुणावरूनच भाकरतुकडा ओवाळलेला नाही. सुमन बाळंत होऊन माहेराहून आली, कडेवर माझी पहिली मुलगी, तेव्हा आई दारातून मागे सरली. ‘गोजाबाईला बोलवा, माझा हात नको,’ म्हणाली. आम्ही समजून घेतलं. सुमन आजही त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. आणि तो हात बारा वर्षांनी सुटला तो रोजावर आलेल्या एका नटासाठी, भाड्याच्या कपड्यांतल्या, ज्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं.

आणखी एक आहे, ते लिहायला लाज वाटते. माझ्यावरून कधीच कुणी ओवाळलं नाही. कारण मी कधी लांब गेलोच नाही. कॉलेजात होतो तेव्हा दर शनिवारी घरी यायचो, आता रोज चिंचवडहून सायकलनं येतो. रोज येणाऱ्याला कोण दारात थांबवतं? त्याला आतून विचारतात, रॉकेल आणलंस का. बेचाळीस वर्षांच्या माणसाला, बी.ए. झालेल्याला, भाकरीच्या तुकड्याचा हेवा वाटावा! पण वाटला. त्या मुलाचा वाटला, मुरारीचा वाटला, आणि सगळ्यांत जास्त तुझा. तू ते पाहिलंस, तू ते धरून ठेवलंस आणि आता जगाला दाखवणार.

मग मी कारणं शोधली. चांगली कारणं होती. माझी आई अशिक्षित आहे, तिच्याकडून तिचं दुःख काढून घेतलं गेलं. तिकीट काढून आलेली परकी माणसं तिच्याकडे बघतील आणि बाहेर जाऊन कॉफी पितील. तिला कॅमेऱ्याची समज नाही. प्रत्येक कारण मी उलटसुलट करून पाहिलं. शेवटी स्वतःलाच विचारलं, त्या दारात मी असतो आणि तिनं माझ्यावरून ओवाळलं असतं, तर मी हा प्रसंग कापायला सांगितला असता का? उत्तर यायला क्षणही लागला नाही. मी त्याच्या दहा प्रती मागितल्या असत्या. त्यानंतर कारणांचा उपयोग उरला नाही. तरीही मी लिहायला बसलो नाही, हेही खरं.

आज सकाळी आई ओसरीवर पावटा सोलत होती. मी जाऊन बसलो आणि विचारलं. माझ्या तोंडून आलं ते मास्तरासारखंच आलं, ‘आई, तू त्या दिवशी जे केलंस, ते लोकांना दाखवावं का?’ ती म्हणाली, ‘दोन म्हयनं झालं तुजं तोंड असं का हाय, त्ये आत्ता कळलं.’ मी म्हणालो, तुला तो मुरारीच वाटला होता का? तेव्हा ती चिडली. ‘म्या काय खुळी हाय? नाटकातलं पोरगं हुतं त्ये, मला ठावं न्हाई व्हय? पर त्या कापडात दारात हुबं र्‍हायलं, लांबनं आल्यावानी. त्याला तसंच घेऊ आत?’ मग शेंगा सोलता सोलता म्हणाली, ‘सयाजीनं इचारलं तरी. तू कदी इचारलंस, मुरारी कसा हुता म्हून?’ मी म्हणालो, तुला त्रास होईल म्हणून नाही विचारलं. ती म्हणाली, ‘व्हय. समद्यांनीच न्हाई इचारलं.’

मी तिच्या सुपातली एक शेंग उचलून सोलायला लागलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘कुटं दावनार हायती त्ये?’ हे मी तिला इतके दिवस सांगितलेलंच नव्हतं. म्हणालो, परदेशात, महोत्सव असतो, सगळ्या देशांचे चित्रपट येतात. ‘पर कुटं?’ मी म्हणालो, इटलीला. तिचे हात थांबले. ‘मुरारी हाय तितं,’ ती म्हणाली. मी म्हणालो, हो. तिनं मांडीवरची सालं झटकली आणि पुन्हा एक शेंग उचलली. ‘मग सयाजीला म्हनावं, बाकीचं काडायचं तर काड, माझं भाकरी थापनं काड. त्येवडं काडू नको. आपल्यातलं तितं कोन जातंय? त्येवडं तरी जाऊ दे.’

सयाजी, हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं. तो प्रसंग ठेव. होकार माझा नाही, तिचा आहे. मी फक्त पोचवतो आहे, आणि तोही जवळजवळ उशिरा. तिला सांगितल्यावर हेवा जाईल असं मला वाटलं होतं. तो गेलेला नाही. तुझ्यावरचा बराचसा उतरला आणि सगळा मुरारीकडे गेला. इतक्या लांबच्या माणसापर्यंत ती पोचायला निघाली आहे, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर पावटा सोलत बसलो होतो. पण मी बसलो होतो. दुपारपर्यंत ती त्याच्याबद्दल बोलत होती, आणि मी मधे एकदाही उठलो नाही. हे पत्र महिनाअखेरच्या आत तुझ्या हाती पडेल याचा भरवसा वाटत नाही.

तुझाच,
दौलत

(माझ्या वहीत) उद्या : शाळेआधी चिंचवडच्या तारघरात जाऊन सयाजीला तार करणे, ‘प्रसंग ठेव. आई.’